कापसाच्या दाढीतला शिमोन

"प्रत्येक बाळ जगात येताना आपलं कार्य सोबत घेऊन येतं."

खरात सिस्टरांच्या स्मरणसभेत पाळकसाहेबांनी हे वाक्य उच्चारलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. वाक्य वजनदार होतं, आणि ज्यांच्यासाठी ते बोललं गेलं त्या बाईंनी जालन्यातली कितीतरी बाळं स्वतःच्या हातांनी जगात आणली होती. अडचण एवढीच, की या विषयावर सिस्टरांचं स्वतःचं मत वेगळं होतं.

"कार्य-बिर्य काही न्हाई," त्या म्हणायच्या. "बाळ येतं ते दूध मागायला. एकच आलं वेगळ्या कामाला. त्याचंबी त्याच्या आईला कुणी खरं सांगितलं न्हाई, एक म्हातारा सोडून."

त्या म्हाताऱ्यामुळंच सिस्टरांचा आणि माझा स्नेह जुळला, आणि त्याच्यापायीच तो मोडला.

सुवार्ता खरात हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त मतदारयादीत होतं. एका जुन्या मिशन दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली. नवरा लवकर वारला. मस्तगड भागात माझ्या घरामागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्या राहत. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. धर्माच्या रकान्यात हिंदू लिहीत असलो तरी देवाशी माझा पत्रव्यवहार नव्हता. सिस्टरांना याचं वाईट वाटत नसे. "तुम्ही निदान खोटी प्रार्थना तरी करत न्हाई, सर," असं त्या म्हणत, आणि हे प्रशस्तिपत्र मी बरीच वर्षं मिरवलं.

ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी साडी, आणि हात मात्र उंचीच्या मानानं मोठे. त्या हातांना एक कायमची खोड लागली होती. कुठलीही वस्तू उचलताना त्यांचा डावा पंजा आपोआप एका टोकाखाली जायचा. कलिंगडसुद्धा त्या मानेखाली हात घालून उचलत. एकदा चर्चच्या मंडळीनं त्यांना सन्मानपत्राची फ्रेम दिली, तीही त्यांनी तशीच छातीशी धरली आणि घरापर्यंत नेली. बाळ बघायला आलेल्या कुणाच्याही हातात बाळ गेलं, की त्यांचा आवाज यायचाच, "मान धरा! मान!" शहरात पन्नाशी-साठीतल्या पुष्कळ बायका आपल्या सुनांना आज याच दोन शब्दांनी ओरडतात.

माणसांना त्या त्यांच्या जन्मावरून ओळखत. एकदा आमच्या भागात एका कार्यालयाचं उद्घाटन होतं. पांढऱ्या कपड्यांतले प्रमुख पाहुणे तासभर बोलले. खाली उतरल्यावर त्यांनी सिस्टरांना वाकून नमस्कार केला आणि आसपासच्या लोकांना ऐकू जाईल असं विचारलं, "ओळखलं का सिस्टर?"

"ओळखलं की," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही पायाळू. जन्मल्यावर बराच वेळ रडलाच न्हाईत, आम्ही सगळे घाबरून गेल्तो. आता कसर भरून काढून राह्यले, बरं वाटलं."

पुढाऱ्यांच्या अनुयायांनी हसावं की नाही हे ठरवायला पुढाऱ्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

त्यांच्या बोलण्यात गोड असं फार थोडं असे. नाताळची चित्रं त्यांना चालत नसत. गव्हाणीत हसरं बाळ, भोवती गुडघे टेकलेली गुरं, वर चांदणी. "हे ज्यानं काढलं तो कधी गोठ्यात गेल्ता का?" त्या विचारत. त्या स्वतः गेल्या होत्या. टेंभुर्णीकडं दवाखान्याच्या कँपला गेल्या असताना वाटेतल्या एका वस्तीवर बाई गोठ्यातच मोकळी झाली. खाली सगळा चिखल-शेण, बाळाला ठेवायला जागा नाही, म्हणून सिस्टरांनी गव्हाण रिकामी केली आणि त्यात आपला पदर फाडून अंथरला. "कडब्याचं कुसळ पदरातून टोचतं, सर. लेकरू बोंबलून राह्यलं. आणि गुडघेबिडघे कसले? बैल माझ्याकडं असा बघून राह्यला, की बाई, माझा कडबा कव्हा देती?" मग म्हणायच्या, "देवानं तिथं जन्म घेतला म्हणजे काय केलं, ते मला त्या दिवशी समजलं. चित्रात समजत न्हाई."

चर्चमधली नाताळची नाटिका वर्षानुवर्षं त्याच बसवत. तिचे काही कायदे होते. पहिला असा, की गव्हाणीत खरं बाळ पाहिजे. मंडळीत त्या वर्षी सगळ्यांत शेवटी जन्मलेलं जे बाळ असेल ते. बाप चर्चच्या कमिटीतला पंच असो की झाडूवाला, मुलगा असो की मुलगी, गोरं की काळं, काही बघायचं नाही. मोठ्या घरच्यांनी आपल्या नातवासाठी शब्द टाकून पाहिला, तेव्हा "आधी जन्मलं, चुकी त्याची," एवढंच उत्तर मिळालं. बाळाची खरी आई तीच नाटिकेतली मरिया, येशूची आई. तिला संवाद नसत, म्हणून हे जमून जाई. कपडे मस्तगडातल्या एका मारवाडी शेठच्या दुकानातून यायचे. शेठ मखमलीचा तुकडा देताना दरवर्षी विचारत, "सिस्टर, इस साल राजा अच्छावाला है या खराबवाला?" वाईट राजाला ते उरलेल्या तुकड्यांतला मरून रंग देत.

तो वाईट राजा, म्हणजे बाळांना मारायला निघालेला हेरोद, मी होतो. आधीचे हेरोद मंडळीतलेच एक पंच होते, पण त्यांच्या सुनेला दिवस गेले आणि बाळं कापायचा हुकूम देणं त्यांना अशुभ वाटू लागलं. सिस्टर थेट माझ्या दारात आल्या.

"सर, तुमचा कशावरच विश्वास न्हाई ना?"

"नाही."

"मंग तुम्हाला भीती कसली? मंगळवारी तालमीला या."

तेव्हापासून मी हेरोद झालो. कॉलेजातली मुलं म्हणत, सरांना अभिनय करावा लागत नाही.

नाटिकेचा दुसरा कायदा शेवटासंबंधी होता. देवदूत येऊन जायचे, मेंढपाळ यायचे, पूर्वेकडचे ज्ञानी लोक भेटी ठेवून जायचे, मी गरजून घ्यायचो. मग सगळे आवाज थांबायचे आणि काठी टेकत शिमोन यायचा. चाळीस दिवसांच्या बाळाला आई-बाप मंदिरात आणतात, तिथं भेटणारा हा म्हातारा. तो बाळाला हातात घेतो, आता मी सुखानं मरतो म्हणतो, आणि आशीर्वाद देता देता आईला सांगतो, "हे लेकरू पुष्कळांना पाडील आणि पुष्कळांना उभं करील. आणि बाई, एक दिवस तुझ्याच काळजातून तलवार आरपार जाईल." पडदा.

हे वाक्य बोलायला मंडळीतला एकही पुरुष तयार नसे. समोर खरी आई, तिच्या मांडीवर खरं बाळ, आणि त्याच्यावरून असलं अभद्र बोलायचं! म्हणून शिमोन सिस्टर स्वतः करत. दवाखान्याच्या कापसाच्या गुंडाळीची दाढी, डोक्याला टॉवेल, चष्मा तसाच. बाळ घेताना अर्थातच मान धरलेली. दरवर्षी प्रेक्षकांत चुळबुळ व्हायची. दरवर्षी कुणाची तरी आजी तावातावानं यायची. एक म्हणाली होती, "सिस्टर, सणाच्या दिवशी माझ्या नातवाला असं बोलायचं? केक कापायच्या टायमाला?"

"तुमच्या नातवाला न्हाई बोलले, आक्का. ज्याच्या जागी तो झोपल्ता त्याला बोलले."

"पण वाक्य काढून टाकलं तर काय बिघडतं?"

"काही न्हाई. मंग नाताळ कशाला म्हणायचं? बारसं म्हणा. पेढे वाटा, घरी जा."

एका डिसेंबरात मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. त्या देवदूतांच्या पंखांना सोनेरी पट्टी शिवत होत्या. मी सहज म्हणालो, की नाटक म्हणून तो शेवट मला पटतो, पण एवढा हट्ट कशासाठी? त्यांनी सुई थांबवली नाही.

त्यांना एक मुलगा झाला होता. लग्नाला सात वर्षं झाल्यावर. पोटात असतानाच सासूला स्वप्न पडलं, एका फिरत्या उपदेशकानं पुढं येऊन सांगितलं की हा मुलगा परमेश्वराचा मोठा सेवक होईल, आणि नाव शमुवेल ठरून गेलं. सासूनं तर त्याच्या उपदेशासाठी पांढरा शर्टसुद्धा शिवून ठेवला, मोठ्या माणसाच्या मापाचा. मूल नऊ दिवस जगलं.

"लोक म्हटले, देवाची इच्छा. मला इच्छा नको व्हती, सर. आधी सूचना पाहिजे व्हती." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मी दोन म्हैने चर्चला गेले न्हाई. मंग गेले त्या दिवशी पाळक हाच म्हातारा वाचून राह्यले व्हते. चाळीस दिवसांचं बाळ घेऊन ती आली, आणि ह्यानं तोंडावर सांगितलं. सगळे तिला म्हणत व्हते राजा व्हईल, राजा व्हईल. सासूच्या स्वप्नावानी. ह्या एकट्यानं सांगितलं, की बाई, हा मरायला आलाय. आपल्या सगळ्यांचं मरण अंगावर घ्यायला आलाय, आणि ते तुला लागंल. तरी तिनं बाळ उचललं, घरी नेलं, न्हाऊ घातलं."

त्यांनी पुन्हा सुईत दोरा ओवला.

"त्याचं मरण कामाचं व्हतं. वाया गेलं न्हाई. म्हणून माझं पोरगं त्याच्यापाशी हाय, असं मी धरून चालले. आता ते वाक्य काढा, आणि मला सांगा माझं पोरगं कुठंय."

हे त्यांनी आणखी कुणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कुणाला सांगू नका असं म्हटलं नाही. मला तसं सांगावं लागेल, असं त्यांना वाटलं नसावं.

पाळकसाहेबांचं नाव इम्मानुएल. ते मंडळीतच वाढले. सिस्टरांच्याच हातांवर जन्मले, जन्मल्यावर दोन आठवड्यांनी त्या गव्हाणीत झोपले, आणि त्यांच्याही आईला कापसाच्या दाढीनं ते वाक्य ऐकवलं. शिकून, दीक्षा घेऊन ते आपल्याच चर्चला पाळक म्हणून आले तेव्हा सिस्टरांनी गल्लीत पेढे वाटले होते. पेढ्यांबद्दलचं आपलं मत त्यांनी त्या दिवसापुरतं बाजूला ठेवलं. "इमू आला. गव्हाणीतलं एक तरी कामाला आलं," असं त्या मला म्हणाल्या, आणि त्यांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

इमूनं चर्चला रंग दिला, माईक बदलले, पडद्याऐवजी मोठा एलईडी आणला. माणूस वाईट नव्हता. नोव्हेंबरात तो माझ्याकडं आला, हातात नाटिकेची वही.

"सर, या वर्षी बाहेरचे पाहुणे येणार आहेत. थोडं आटोपशीर करून द्या. तुम्ही लिहिणारे. शेवट जरा लांबतो आणि मूड जातो. लोकांना पॉझिटिव्ह मेसेज पाहिजे असतो." मग जरा अडखळून, "आणि कार्यक्रमात तुमचा सत्कार ठरवलाय. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी करता."

शाल-श्रीफळाच्या सत्कारांची मी आयुष्यभर टिंगल केलेली आहे. यावर माझा एक लेखही छापून आला होता. वही मी ठेवून घेतली. मी लाल पेन घेतलं आणि स्वतःला असं सांगितलं, की ज्ञानी लोक भेटी ठेवतात तिथं खरा उत्कर्षबिंदू आहे, त्यापुढं नाटक उतरतं, रचना म्हणून शिमोन जास्तीचा आहे. हे सगळं रचनेच्या दृष्टीनं बरोबर होतं. मी शिमोनाच्या पानावर एक तिरकी रेघ मारली. त्या वेळी ओसरी, पंख, सुई यांतलं काही आठवलं नाही असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं.

पहिल्या तालमीला सिस्टर दाढी पिशवीतून घेऊन आल्या. छापलेल्या नव्या प्रती वाटल्या गेल्या. त्यांनी आपली प्रत शेवटून उघडली, पुन्हा सुरुवातीपासून चाळली, आणि मग इम्मानुएलना विचारलं, "हे कुणी काढलं?"

"सिस्टर, सरांनी केलंय संपादन," ते चटकन म्हणाले. "साहित्यातले माणूस आहेत, त्यांना कळतं."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. आवाज मुळीच चढला नव्हता.

"सर, तुम्हाला तर म्हाईत व्हतं."

"लांबत होतं, सिस्टर," मी म्हणालो.

"किती?"

"दीड मिनिट असेल."

"दीड मिनिट," त्या म्हणाल्या. जणू वॉर्डात कुणी वेळ सांगितली आणि त्यांनी नोंदवून घेतली. मग इम्मानुएलकडं बघून, "इमू, तू त्या गव्हाणीत झोपल्ता तव्हा तुझ्या आईलाबी मी हेच म्हटल्तं."

"तेच ना, सिस्टर!" पाळकसाहेबांचा संयम सुटला. ते एकदम गल्लीतल्या बोलीत आले. "आई अजून विसरली न्हाई ते. मला पोहायला जाऊ दिलं न्हाई, विहिरीपाशी जाऊ दिलं न्हाई, गाडी शिकू दिली न्हाई. तलवार कुठून येते, बघत बसली बिचारी. पंचवीस वर्षं! आणि सगळे म्हणायचे, गव्हाणीतला हाय, हा पाळक व्हणार. मला काय व्हायचं व्हतं हे कुणी विचारलं का? तुम्ही तरी?"

हे मात्र सिस्टरांना नवं होतं. त्यांनी हातातली प्रत बाकावर ठेवली.

"न्हाई विचारलं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. पण वाक्य तुला न्हवतं, इमू. तू निसता जागा धरून व्हता."

दाढी त्यांनी घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली. जाताना तालमीतल्या मरियेला, बाळंतिणीला सांगावं तसं सांगितलं, की बसताना पाठीला उशी घे. या वर्षी गव्हाणीत बाहुली असणार होती. दिव्यांचा उष्मा खऱ्या बाळाला बाधेल, असं ठरलं होतं.

नाटिका नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारी झाली. हेरोदाच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या. ज्ञानी लोकांनी भेटी ठेवल्या, एलईडीवर फटाके फुटले, आणि प्रमुख पाहुण्यांनी केक कापला. हे तेच पायाळू. मग माझा सत्कार झाला. निवेदक म्हणाला, की सरांनी धर्माच्या भिंती ओलांडल्या. मी मान लववली. सिस्टर पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांइतक्याच.

नंतर फोटोसाठी सगळे रंगमंचावर गोळा झाले. मरिया झाली होती ती मंडळीतली एक नवी सून, तिनं बाहुली एका हाताला लोंबती धरली होती. फोटोग्राफर "स्माईल" म्हणाला तेवढ्यात सिस्टर उठल्या, पायऱ्या चढून वर आल्या, बाहुलीच्या डोक्याखाली पंजा घालून तिला नीट त्या पोरीच्या कोपरावर निजवलं, फडकं गळ्यापर्यंत ओढलं. "मान धर गं," एवढंच म्हणाल्या आणि खाली उतरल्या. लोकांना तो नाटिकेचाच भाग वाटला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत त्या परतूरला पुतणीकडं राहायला गेल्या आणि दिवाळीच्या आधी तिथंच वारल्या. स्मरणसभेत पाळकसाहेबांनी कार्याचं वाक्य म्हटलं ते मी सांगितलंच. त्यांचा आवाज मध्येच बसला होता, हेही सांगायला हवं. शमुवेलबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना ठाऊक नसावं. ज्याला ठाऊक होतं तो मागच्या बाकावर बसला होता.

पण माझी आणि सिस्टरांची शेवटची भेट त्या रविवारचीच. कार्यक्रम संपून मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डिसेंबरचा गारवा सुटला होता. खांद्यावरची शाल मी काढायला विसरलो होतो, असं म्हणतो. सिस्टर फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी काहीतरी बोलणार होतो. माफीचंच असावं, पण माफीचीही मी रचना करत बसलो, आणि तेवढ्यात त्याच बोलल्या.

"येशूला विकून यहूदाला निसती नाणी भेटल्ती, सर. तुम्हाला शाल."

मग पुढं होऊन त्यांनी शालीचं टोक दोन बोटांत धरलं आणि चोळून पाहिलं, जसं त्या बाळंतिणीच्या घरून आलेलं दुपटं चोळून बघत.

"ह्याच्यात बाळ गुंडाळू नका," त्या म्हणाल्या. "पुरळ येतं."

रिक्षा आली. पिशवी मानेखाली हात घालून उचलावी तशी उचलून त्या आत बसल्या.

घरी येऊन मी शालीचं लेबल पाहिलं. शंभर टक्के पॉलिस्टर.